रखमाचा धनी मेलेला आहे

"मावशी, एवढंच म्हणा. 'धनी, तुमी जित्ते हाय?' थोडं रडवेलं म्हणा," काचेपलीकडून हर्षल म्हणाला.

मनकर्णाने कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "कुनाला म्हनू?"

"धन्याला. रखमाच्या."

"त्यो तर मेलाय ना रं?"

हर्षलने बाजूला बघितलं. त्याच्या शेजारी मुंबईहून आलेले सिनेमाचे साहेब बसले होते. त्यांनी मोबाईलमधून डोकंही वर काढलं नाही.

नगरच्या या स्टुडिओत एरवी लग्नाची गाणी आणि पुढाऱ्यांच्या प्रचाराच्या आरोळ्या भरतात. मनकर्णाला खुर्ची, माईक, काच सगळं ओळखीचं होतं. श्रीगोंद्याच्या या हर्षलने मोबाईलवरचा एक गेम बनवला, 'रखमाचा फड'. त्याचे दोन भाग निघाले आणि पोरांनी दोन्ही डोक्यावर घेतले. त्यातली रखमा ऊस तोडते आणि तिचा आवाज मनकर्णाचा. आवाजच कशाला, रखमाची सगळी गोष्टच मनकर्णाची. फडावरच्या कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या खोपटासमोर बसून हर्षलने विचारलं आणि तिने सांगून टाकलं, की नवरा उसाच्या ट्रॉलीखाली गेला, आणि पुढच्या हंगामाला मुकादम म्हणाला, अर्धा कोयता घेऊन मी काय करू?

शहरातल्यांना कोयता म्हणजे हत्यार. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक. बाईने पोटात पोर घेऊन मोळ्या वाहिल्या तरी मोजताना ती अर्धी. नवरा मेला की उरलेल्या अर्ध्याला फडात जागा नाही. ही मोजणी ज्या शहाण्याने काढली त्याने एकदा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढून दाखवावं.

मनकर्णा घरी बसली नाही. साळूबाईचाही नवरा गेलेला. तिला हाताला धरून तिने मुकादमासमोर उभं केलं. "ही अर्धी, म्या अर्धी. झाला का न्हाई पुरा कोयता?" वैजनाथ मुकादम आधी हसला, मग त्याने शिव्या घातल्या, आणि माणसं कमी पडली तेव्हा मुकाट घेतलं. तेव्हापासून दोघींची एकच कोपी, एकच चूल.

गेमचा दुसरा भाग म्हणजे हेच. पडद्यावर रखमा आणि गोदा, दोघींना बरोबर न्यायचं. एकीला पुढं पळवलं आणि दुसरी मागं राहिली, की गेम जागच्या जागी थांबतो. साळूबाईला याचं भारी कौतुक. "बघ, माज्याबिगर तुजं पाऊल उचलत न्हाई," असं ती येताजाता सुनावायची.

आता त्या गेमवर सिनेमा निघाला होता, दुसऱ्या भागाच्या पुढची गोष्ट घेऊन. आणि त्यात रखमाचा नवरा चांगला धडधाकट! मोठा नट घेतलेला, तो मेलेला कसा चालेल? जाहिरात बाहेर आली आणि गेम खेळणाऱ्या पोरांनी बोंब ठोकली. मेलेला माणूस उठला कसा? गोदा कुठाय? तेव्हा साहेबांनी अक्कल चालवली. रखमाच्याच आवाजात एक वाक्य घाला, म्हणजे भोक बुजेल.

"गोदा कुटं हाय ह्याच्यात?" मनकर्णाने विचारलं.

"तिचा रोल नाही ठेवला, मावशी."

"मंग रखमा कुनासंगं ऊस तोडती?"

"धन्यासंगं."

"आन् मधली वर्सं?"

आता साहेब बोलले. "बाई, लोक नवरा-बायको एक झालेले बघायला तिकीट काढतात. दोन विधवा उसात राबताना कोण बघणार?"

"तुमी बघितलं न्हाई म्हून आमी न्हवतो व्हय?"

"मावशी, सिनेमाच आहे," हर्षल पुटपुटला.

"सिनेमा तुजा. माती म्या दिली रं त्याला. चादरीत गोळा करून आनला हुता. आन् आता त्यो दारात हुबा, आन् म्या इचारू, तुमी जित्ते हाय?"

हर्षलने मान खाली घातली. तो वाईट नव्हता. असल्या जागी वाईट माणूस लागतच नाही, मान खाली घालणारा पुरतो.

"राहू दे," साहेब उठत म्हणाले. "नसेल म्हणायचं तर नको. हिचा आवाज दोन भागभर पडलाय आपल्याकडे. कॉम्प्युटर म्हणेल."

मनकर्णा हसली. "म्या न्हाई म्हनल्यावर माजा आवाज कसा म्हनंल?" या बाबतीत ती अडाणी. माणसाचा आवाज त्याच्या तोंडातूनच निघतो, अशी तिची समजूत होती.

साळूबाई बाहेर पायरीवर बसली होती. परतताना एस्टीत मनकर्णाने तिला सगळं सांगितलं. ऐकून साळूबाई अशी फुगली, की उतरल्यापासून जी भेटेल तिला सांगत सुटली. "माज्यापायी हिनं सिनेमावाल्याला हाकललं! म्हनली, साळूबिगर म्या उबी ऱ्हानार न्हाई!" शेवटचं तिने पदरचं घातलेलं. मनकर्णाने घालू दिलं. आख्ख्या तळावर साळूबाईची मान वर झाली होती.

सिनेमा आला तेव्हा टोळी श्रीगोंद्याकडच्या फडात होती. दुपारच्या भाकरीला धनश्री नावाच्या तरण्या सुनेने मोबाईल वर धरला. बायका गोळा झाल्या. पडद्यावर नट दारात उभा राहिला, आणि मनकर्णाच्या आवाजात, तिच्या हेलात, तिच्या घोगरेपणासकट रखमा म्हणाली, "धनी, तुमी जित्ते हाय? तुमच्याबिगर म्या अर्धी हुते वो!"

मनकर्णाचा घास हातातच राहिला. दुसरं वाक्य तर स्टुडिओत तिला कुणी म्हणायलाही सांगितलं नव्हतं.

"काय गं साळूबाई," धनश्री हसली, "हाकललं म्हनत हुतीस ना? ही तर गळ्यात पडती की त्याच्या!"

बायका फिदीफिदी हसल्या. साळूबाई हसली नाही.

"साळे, म्या न्हाई म्हनलं ह्ये. देवाशपत. मिशिन बोलतंय."

"व्हय," साळूबाईने भाकरी बांधली. "आवाज तर तुजाच हाय."

"अगं, पर म्या..."

"आवाज तुजाच हाय, मने."

ती उठली. मोळी एकटीने डोक्यावर घेता येत नाही. एकीने खाली वाकायचं, दुसरीने उचलून द्यायची, असंच फडात चालतं. साळूबाईने मोळी ओढत बांधावर नेली, उभी टेकवली, खाली बसून डोकं तिच्याखाली घातलं. पहिल्यांदा कोलमडली. दुसऱ्यांदा, मानेच्या शिरा ताठ करून, लटपटत उभी राहिली आणि मागे न बघता ट्रॉलीकडे चालू लागली.

हात पुढे केलेली मनकर्णा तशीच उभी होती. हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.