इकडं बघा, शेकरूराव

इब्राहिमभाईंच्या तोंडाला एक वाक्य कायमचं चिकटलं होतं आणि त्या वाक्यावर त्यांचा संसार उभा होता. ते वाक्य म्हणजे "इकडं बघा." जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ. तालुक्यातल्या कितीतरी लोकांनी हे वाक्य ऐकून मान वर केली आहे, पोट आत घेतलं आहे आणि उगाचच कोर्टात साक्षीला उभं राहिल्यासारखा चेहरा केला आहे. मग भाई पुढचं वाक्य टाकायचे. ते मात्र प्रत्येकाला वेगळं. नवऱ्यामुलाला म्हणायचे, "राव, पोरगी तुमचीच हाय, कुणी पळवून नेत न्हाई." एखाद्या करारी आत्याबाईला म्हणायचे, "आत्या, एवढ्या रागानं बघितलं तर काच तडकंल माझी." लोक हसायचे आणि त्याच वेळी बटण दाबलं जायचं. भाईंना फोटोग्राफी कमी आणि बडबड जास्त येते, असं धंद्यातले काही लोक पाठीमागं म्हणत. म्हणू देत बापडे. त्या लोकांच्या अल्बममधली माणसं अजून साक्षीलाच उभी आहेत.

तर हेच वाक्य भाईंनी आहुप्याच्या देवराईत एका शेकरूला ऐकवलं आणि सगळा घोटाळा झाला.

त्या घोटाळ्याआधी भिमाजींची ओळख करून द्यायला हवी. भिमाजी लोणीचे शेतकरी, भाईंचे जिवाभावाचे दोस्त. भाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर उचललेलं पहिलं लग्न भिमाजींचंच. नवरदेव घामाघूम, नवरी उज्ज्वला रडवेली, आणि फोटोग्राफर त्या दोघांपेक्षा जास्त घाबरलेला. भाई काहीतरी बोलले. काय बोलले ते त्यांना आज आठवत नाही, पण तिघंही एकदम हसले आणि तिथून जी दोस्ती जमली ती जमलीच. दोन वर्षांपूर्वी उज्ज्वलावहिनी गेल्या. मुलगी संस्कृती पुण्यात नोकरीला. बापानं दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहू नये म्हणून तिनं त्यांना लांबलचक लेन्सचा कॅमेरा घेऊन दिला. भिमाजी आधी लाजले, मग बांधावरचे पक्षी टिपू लागले, आणि एक दिवस स्टुडिओत येऊन म्हणाले की आता वाघ काढायचा. ताडोबाला जायचं, दोघांनी.

तेव्हापासून स्टुडिओत दुसरं काम होईना. कुठल्या गेटातून आत शिरायचं, पाणवठ्यावर सकाळी बसायचं की दुपारी, सगळ्याचा खल झाला. खरी अडचण महिन्याची होती. उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतो आणि उन्हाळ्यातच लोक लग्नं करतात. पण लग्नाचे मुहूर्त भाईंना भटजींच्या खालोखाल पाठ. त्यांनी पंचांग उघडून बिनमुहूर्ताचा एक आठवडा शोधून काढला आणि त्याभोवती लाल पेनानं गोल केला. गल्लीतले लोक चेष्टा करायचे, की उसात बिबट्या हिंडतोय तो सोडून लोक चंद्रपुरापर्यंत जाणार म्हणे. भिमाजी शांतपणे सांगायचे की उसात बिबट्या दिसला की माणसाला कॅमेरा सुचत नाही, दार सुचतं.

ताडोबात सफारीच्या उघड्या जिप्सीत बसलं की तोंड उघडायचं नाही, ही तिथली शिस्त. त्याची तालीम म्हणून दोघं भिमाजींच्या पिकअपमधून आहुप्याला गेले. देवराईत एका मोठ्या झाडाखाली पहाटेपासून दबा धरून बसले. भिमाजींचा पाय बधिर झाला, त्यांनी तो हलवला नाही. ऊन वर आलं आणि फांदीवर शेकरू उतरलं. तांबूस अंग, फांदीखाली लोंबणारी झुपकेदार शेपटी, हातात कसलंसं फळ. बसलं मात्र पाठ करून. आता पाठमोरं गिऱ्हाईक कॅमेऱ्यात बघायची भाईंना सवयच नाही. त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "जरा इकडं बघा, राव." तेही दबक्या आवाजात नव्हे. आयुष्यभर वरातीतल्या बेंजोच्या वर आवाज काढलेला माणूस तो. शेकरूनं इकडं बघितलं नाही. ते कुठं गेलं हेही दोघांना दिसलं नाही.

भाईंना हसू फुटलं. त्यांनी भिमाजींकडे पाहिलं आणि ते गिळलं. भिमाजी मुकाट्यानं स्टँड मिटत होते.

परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "भाई, वाघाला बी असंच म्हणणार काय? जिपड्यात दुसरी माणसं असत्यात, लई लांबनं आल्याली. राग मानू नको, पर तू नको यिऊस."

भाई म्हणाले, बरं. घरी येऊन त्यांनी मीठ कमी असलेली भाजी काही न बोलता खाल्ली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, गुलशनभाभींनी, ताट बाजूला सारून विचारलं की झालंय काय. दुसऱ्या दिवशी संस्कृतीचा फोन आला. ती चाचरत म्हणाली, की टूरवाल्याला नावं द्यायची आहेत, पण बाबा म्हणतात काकांचं नाव थांबव. महिनाअखेरपर्यंत मी जागा धरून ठेवते, तोवर तुम्ही दोघं काय ते मिटवा. भाईंनी पंचांगातल्या लाल गोलाकडे पाहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आनंदात उभं राहिलेल्या या माणसानं पहिल्यांदा स्वतःसाठी एक आठवडा काढला होता. आणि वाघाचं जाऊ द्या, भिमाजींनी दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून न्यावं, हा विचारच त्यांना सहन होईना.

उपाय गुलशनभाभींनी काढला. दाताखाली एक लवंग धरायची. बोललात की पडेल. पडली की परत पहिल्यापासून. पस्तीस वर्षं ऐकून घेतलंय, मलापण जरा शांतता मिळेल, असंही त्या म्हणाल्या.

भाईंनी शाळेतल्या पोरासारखा अभ्यास सुरू केला. गच्चीवरच्या कोंबड्यांपासून सुरुवात झाली. पहिल्या दिवशी इतक्या लवंगा पडल्या की कोंबड्याही कंटाळल्या. "मान वर" हे दोन शब्द तर थांबता थांबेनात, आणि कोंबडी ही मुळातच मान वर-खाली करणारी, त्यामुळं भाईंना आपलं ऐकतेय असंच वाटायचं. मग त्यांनी मांजर घेतलं, मग समोरच्या पत्र्यावरची कबुतरं. हळूहळू जीभ ताब्यात येऊ लागली.

वारूळवाडीच्या लग्नात मात्र फजिती झाली. भाई लवंग धरून स्टेजसमोर उभे. नवरदेव मित्रांकडे बघतोय, नवरी भटजींकडे, वरमाय जेवणाच्या मांडवाकडे, आणि भाई हातानंच खुणा करताहेत. शेवटी नवरीच्या मामांनी जवळ येऊन हळूच चौकशी केली, की भाई, दाढ काढलीय का? भाईंनी मान हलवली. मामांना ती होकाराची वाटली आणि त्यांनी भाईंच्या ताटात नुसती खीर वाढायला सांगितलं.

घरीही भाई गप्प राहू लागले. सवय मोडायची म्हणजे मोडायची. भाभींनी पहिले काही दिवस शांततेचा आनंद घेतला. मग त्या टीव्ही मोठ्यानं लावू लागल्या. कुणी बघत नसलं तरी तो चालूच असायचा. का, ते भाईंनी विचारलं नाही, कारण तोंडात लवंग होती.

महिना संपत आला तेव्हा त्यांनी लवंग काढून भिमाजींना फोन केला. फक्त एकदा आहुप्याला चल, म्हणाले. या वेळी जमलं नाही तर मी स्वतः तुला एकट्याला चंद्रपूरच्या एस्टीत बसवून देईन. भिमाजी म्हणाले की पहाटे पिकअप घेऊन येतो.

पुन्हा तेच झाड. भाईंनी नवी लवंग दाताखाली धरली आणि बसले. मुंग्या पायावर चढल्या, उतरल्या. बऱ्याच वेळानं वरची पानं हलली आणि शेकरू आलं. तेच की त्याचं भाऊबंद, कोण सांगणार? या वेळीही ते पाठ करूनच बसलं. भाईंच्या जिभेच्या टोकावर सगळं वाक्य येऊन उभं राहिलं, अगदी "राव"सकट. त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेकरू स्वतःहून वळलं होतं आणि काळ्याभोर डोळ्यांनी सरळ भाईंकडेच बघत होतं. भिमाजींच्या कॅमेऱ्याची खटखट सुरू झाली. शेकरूनं निवांतपणे फळ खाल्लं, साल खाली टाकली आणि निघून गेलं. भिमाजींनी कॅमेऱ्यात पाहिलं, भाईंना दाखवलं. फोटो सुरेख आला होता. भाईंनी मान डोलावली. भाई पास झाले होते, यात शंका नव्हती.

फक्त परीक्षा संपली कधी धरायची, हे त्यांना कळेना. उगाच धोका नको म्हणून पिकअपमध्येही ते गप्पच बसले. भिमाजींनी शेकरूचा विषय काढला, भाई हसले. भिमाजींनी कांद्याचा विषय काढला, भाईंनी हळहळल्यासारखं तोंड केलं. एरवी कांदा म्हटलं की भाई मंचर येईपर्यंत थांबत नसत. भिमाजींनी रेडिओ लावला, तो खरखरला, बंद केला. वळणांमागून वळणं गेली. डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसू लागलं तशी भिमाजींनी गाडी एकदम कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"लवंग थुक," ते म्हणाले.

भाईंना वाटलं, काहीतरी चुकलं. त्यांनी दार उघडून लवंग टाकली.

"आता बोल."

"काय बोलू?"

"काय बी बोल. कांद्यावर बोल, न्हाईतर मला शिव्या दे." भिमाजी समोरच्या काचेतून पाण्याकडे बघत होते. "भाई, घरी सकाळपासनं रातीपत्तुर कुणी बोलत न्हाई. उज्ज्वला गेल्यापासनं कुकर तेवढा बोलतो. आज तू बी गप बसलास आन मला वाटलं, घरातच बसलोय मी. वाघ बघायचाय मला. पर वाघ बघून माघारी वळल्यावर शेजारी बोलाया कुणी नसलं, तर त्यो बघून तरी काय करू?"

इतके दिवस भाई आपली जीभ आवरत बसले होते, आणि हा माणूस दोन वर्षं घरात एकटाच कुकरची शिट्टी ऐकत बसला होता. दर आठवड्याला तो स्टुडिओत यायचा ते वाघासाठी नव्हतंच, हे त्यांना आता उमगलं आणि आपण इतके दिवस एवढं साधं कसं ओळखलं नाही याची त्यांना लाज वाटली.

"आन जिपड्यात माझं तोंड उघडलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर वाघ पळंल. तू लवंग धर. उतरलास की थुक. तवर मी बी दम धरतो."

भिमाजींनी तिथूनच संस्कृतीला फोन लावला आणि काकांचं नाव टाकायला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, ते मी पहिल्याच दिवशी टाकलंय. भिमाजींनी फोनकडे असं बघितलं, की भाईंना हसू आवरेना. मग ते सुटलेच. कांदा, वारूळवाडीचे मामा, खीर, कोंबड्या, एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं त्यांनी एका दमात ओतलं. भिमाजी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होते.

हसून झाल्यावर ते खाली उतरले. पाण्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझा एक फोटो काढ." उज्ज्वलावहिनी गेल्यापासून त्यांनी एकही फोटो काढून घेतला नव्हता, हे भाईंना ठाऊक होतं. पुतण्याच्या लग्नातही ते मांडवाच्या मागं जाऊन बसले होते.

भाईंनी कॅमेरा उचलला. समोर भिमाजी ताठ उभे होते, हात कुठं ठेवावेत ते कळत नसलेले, पहिल्या लग्नातल्या त्या नवरदेवासारखेच.

"भिमाजीराव, इकडं बघा," भाई म्हणाले.

भिमाजींनी बघितलं. आता पुढचं वाक्य टाकायचं होतं, जे प्रत्येकाला वेगळं असतं. भाईंना ते सापडेना. भिमाजींच्या शेजारी जी जागा मोकळी होती तिच्याकडे त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

"काय रं, विसरलास व्हय?" भिमाजी म्हणाले. "लग्नात काय म्हणाला व्हतास, ठाव हाय का? तू म्हणालास, वैनी, नवरा बदलून मिळत न्हाई, हाय त्यातच हासा. उज्ज्वला मरेपत्तुर मला तेच ऐकवायची. भाजीत मीठ जास्त झालं की म्हणायची, हाय त्यातच हासा."

आणि भिमाजी हसले. अगदी तेव्हासारखे, डोळे मिटेपर्यंत. इतका चांगला फोटो समोर उभा होता आणि भाईंना कॅमेऱ्यातून काहीच दिसत नव्हतं. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, काच पुसली, घसा साफ केला आणि बेंजोच्या वर चढणाऱ्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, "हां, इकडं बघा."