शंका असलेलं कार्ड

माझा धाकटा भाऊ कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्यावर व्याख्यान देतो, म्हणून घरात त्याला प्राध्यापक म्हणतात. शुक्रवारी माझ्या जुन्या कॉम्प्युटरने धूर सोडून मान टाकली, तेव्हाही तो आधी बोलला आणि मग कामाला लागला. मी शाळेच्या पुस्तकांची पानं लावते, म्हणजे मजकूर आणि चित्रं कॉम्प्युटरवर पानात मांडते. नव्या प्रकाशकाला सोमवारी दुपारपर्यंत नमुन्याची पानं हवी होती. पसंत पडली तर वर्षभराचं काम माझं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

प्राध्यापकाने यादी केली. "तुला गेम खेळायचे नाहीत, ताई. वेगळं ग्राफिक्स कार्ड कशाला? स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय प्रोसेसरमध्येच असते, तसा घेऊ. वाचलेल्या पैशांत रॅम दुप्पट. पॉवर सप्लाय मात्र चांगला. तिथं कंजुषी केली म्हणून जुना गेला." शेवटचा टोमणा मला होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुकानात तो कॅबिनेट बघायला आत गेला आणि काउंटरवर मी उरले. घासाघीस केल्याशिवाय मला खरेदी केल्यासारखं वाटतच नाही. दुकानदार भाव सोडेना, पण म्हणाला, "याच वेगाचा हा दुसरा प्रोसेसर घ्या, स्वस्त पडेल." वेग तोच, कंपनी तीच. मी खोकं बदलून घेतलं. भावाला सांगितलं नाही. सगळं जमलं की मगच सांगायचं आणि त्याची जिरवायची, असा बेत होता.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुळणी झाली. खोकी मीच उघडून सुटे भाग त्याच्या हातात देत होते. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन काळीच. केबल बदलली, रॅम काढून पुन्हा बसवली, तरी काळीच. मग माझा तोल सुटला. "नुसती व्याख्यानं दे! उद्या प्रकाशकाला काय दाखवू, तुझी यादी?"

त्याने रिकाम्या खोक्यांतून प्रोसेसरचं खोकं उचललं, वाचलं आणि परत ठेवलं.

"या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय नाही," तो म्हणाला. "वेगळं कार्ड लागणार, आणि आज दुकान बंद. चुकलं माझं, ताई."

चूक कुणाची हे मला पुरतं ठाऊक होतं, पण मी रिकामी खोकी एकात एक घालत राहिले.

"जुनं कार्ड चालेल का रे?" खुर्चीतून बाबांनी विचारलं. बाबांनी आयुष्यभर कारखान्यात वायरिंग केलं. भंगारात जाणारी प्रत्येक वस्तू ते आधी सोलून घेतात आणि तुकड्यातुकड्याला 'चालू', 'बंद' किंवा 'शंका' अशी चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवतात. त्या डब्यांवरून मी त्यांच्याशी शंभरदा भांडले आहे. माझा कॉम्प्युटर त्यांनी शनिवारीच सोलला होता. डब्यातून त्यांनी त्यातलं ग्राफिक्स कार्ड काढलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'शंका'.

"धुरात होतं ना, तपासायचं कशात?" बाबा म्हणाले.

प्राध्यापकाने ते पुसून बसवलं. मी डोळे मिटले. पंखा फिरल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, आणि मग बाबा म्हणाले, "अगं, बघ तरी."

स्क्रीनवर अक्षरं आली होती. मी हुश्श करून खुर्ची पुढे ओढली. बाबांनी 'शंका' खोडून 'चालू' लिहिलं.

सोमवारी अकराला पानं गेली आणि दीड वाजता फोन आला: काम माझं. आनंदाने रडू येत होतं, पण कालची गोष्ट अजून सांगायची राहिली होती. प्राध्यापक टेबलावरचे स्क्रू गोळा करत होता.

"खोकं मी बदललं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे. खोकं पाहिलं तेव्हाच कळलं. मी यादीतलं काही चुकवतो का?"

"मग स्वतःवर का घेतलंस?"

"तू घाबरली होतीस," तो म्हणाला. "घाबरलेल्या माणसाकडून पानं नीट लागत नाहीत. भांडायला काय, आज मोकळा आहे मी."

त्याचं एवढंच व्याख्यान मी शेवटपर्यंत ऐकलं. भांडले मात्र नाही.