भंडाऱ्यातला लाल शिक्का

मंद्रूपच्या माळावर गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बिभीषण महाराज म्हणे सरकारी अर्ज मंजूर करून देत! अर्जाला हळदीचा भंडारा फासायचा, तीर्थात बुडवलेला अंगठा टेकवायचा, की पिवळ्या कागदावर लालभडक शिक्का! दक्षिणा एक कोकरू. देवाच्या नावाची कोकरं कुठं जात होती, ते महाराजांच्या ढेरीकडे बघून कळत होतं.

"दिल्लीचा सायब सही करंल तवा करंल, मल्हारीनं आत्ताच केली की!" महाराज गरजले. येळकोटाचा गजर झाला.

गर्दीत म्हाळसाबाई उभी होती. तिच्या सहा वर्षांच्या ऋतुजाला गोशे नावाचा दुर्मिळ आजार. पोट टम्म फुगलेलं. औषध घरदार विकूनही परवडणारं नव्हतं, सरकारी मदत हाच एक रस्ता. आणि नवऱ्याने, येडूने, पोरीचा अर्ज रिपोर्टांसकट महाराजांच्या गादीखाली ठेवला होता. सव्वा महिना तिथून हलवायचा नाही, असा नियम.

सकाळीच सोलापूरहून पोरीच्या डॉक्टर चंद्रिकांचा फोन आला होता. "अहो, अर्ज कुठाय? उद्या फाइल मुंबईला जायची आहे."

त्यानंतर म्हाळसाबाई धुणं धुवायला बसली. पोरीच्या झग्यावरचा भंडारा साबण लागताच लाल झाला. हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. आज मात्र तिचे हात थांबले.

आता माळावर ती साबणाच्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली.

"गप बस, देव कोपंल!" येडू दबक्या आवाजात म्हणाला.

"पोरीवर आनि काय कोपायचं ऱ्हायलंय?"

तिने तांब्यात अंगठा बुडवला आणि भंडारा फासलेल्या एका कागदावर दाबला. लाल शिक्का!

"म्या बी देव व्हय? साबनाचं पानी हाय ह्ये. महाराज, तुमचं तीर्थ हाय तर प्या की घोटभर!"

महाराज उठलेच. "बाटवलंस!" म्हणत त्यांनी तीर्थाचं भांडं लाथाडलं. पाणी सांडलं आणि तळाशी बसलेला पांढरा चुना सगळ्यांना दिसला. म्हातारी शिवबाई पानाच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन आली, तिनेही शिक्का मारून पाहिला. उमटला.

गादी उचलली तर खाली एकोणतीस अर्ज. काहींना वाळवी लागलेली, दोन अर्जांची मुदत संपलेली. येडू मान खाली घालून पोरीचे रिपोर्ट पुसू लागला. अर्जावरची सही हळदीने गेली होती. तो रात्रीतून नव्याने भरावा लागला.

शुक्रवारी फाइल मुंबईला गेली. मंजुरी अजून नाही. म्हाळसाबाई दर सोमवारी फोन करून जाब विचारते. बाबांनो, सरकार दिरंगाई करतं, खरंच करतं. पण त्याला जाब तरी विचारता येतो. हळद चुन्याने लाल होते, कुणाच्याही अंगठ्याखाली. तेवढ्यासाठी पोरांचे दिवस गादीखाली पुरू नका.