मांडीवरचा शनिवार

शिराळ्याजवळच्या त्या गावात दर शनिवारी वाचनालयाच्या सतरंजीवर लेकरं आईबापांच्या मांडीत बसतात आणि मोठी माणसं चित्रांची पुस्तकं वाचून दाखवतात. ग्रंथपाल राजमतीकाकूंचा नेम एकच : मांडीशिवाय पुस्तक न्हाई.

सयाजीची मांडी मात्र रिकामी होती. सीमेवरनं सुट्टीवर आलेला जवान. त्याची तीन वर्षांची लेक शिवांजली फोनवर त्याच्याशी भरभरून बोलायची; पण तो दारात उभा राहिला तशी आईच्या पदरात शिरली, ती अजून बाहेर आली नव्हती. उद्या सुट्टी संपणार होती.

"आवं, जरा हसा तरी," त्याची बायको रूपाली म्हणाली. "पोरगी काय दुश्मन हाय?"

"हसतोयच की!"

"मिशा हसत्यात. डोळं अजून ड्यूटीवर हायती."

काकूंनी त्याच्या हातात चिमणीचं पुस्तक ठेवलं. "वाचा, सयाजीराव."

सयाजीनं पाठ ताठ केली आणि पलटणीत हुकूम वाचावा तसं, एकही अक्षर न गाळता, सुरू केलं : "प्रथम आवृत्ती! सर्व हक्क राखीव! मुद्रक आणि प्रकाशक..."

सतरंजी खदखदा हसली. नाथाजीतात्या तर नातवासकट लवंडले. "आरं गड्या, चिमणी कवा येणार? का ती बी सुट्टीवर गेलीया?"

सयाजीचे कान लाल झाले. पण हुकूम अर्धा सोडायची सवय नव्हती. "मुखपृष्ठ आणि सजावट..."

"तितं न्हाई चिमणी!"

पदरातनं एक डोकं बाहेर आलं होतं. आईच्या मांडीत ऐकून ऐकून शिवांजलीला ते पुस्तक पानापानानं पाठ होतं. असला अडाणी वाचणारा तिनं बघितलाच नव्हता. ती तरातरा आली, बापाचा राठ अंगठा बाजूला सारून तिनं पान उलटलं.

"हितं बोट ठेव. आता म्हण."

सयाजीनं बोट ठेवलं.

"चिमणे चिमणे, कुठं गं निघाली?
बांधावरली शेंग भरून आली!"

"हळू म्हण ना! पिल्लू झोपलंय."

तो कुजबुजला. उभ्यानं तिला चित्र नीट दिसेना, म्हणून ती सरळ त्याच्या मांडीत बसली. सयाजीनं पुस्तक तिच्या पुढ्यात धरलं. रूपाली उगीचच कपाटाकडं बघत राहिली.

सतरंजी रिकामी झाली. काकूंनी खिडक्या लावल्या.

"आवं, उठा आता," रूपाली म्हणाली. "पायाला मुंग्या आल्या असतील."

"गप गं," सयाजी कुजबुजला. "चिमणीला घरी पोचू दे."

चिमणी घरी पोचली. शिवांजलीनं पुस्तक मिटलं, उलटं केलं, पुन्हा उघडलं.

"परत," ती म्हणाली.