लांब घंटा

जुलैतला दीर्घ, सुवर्णपीत दिवस. साल एकोणीसशे तेरा. कॅनडाच्या अफाट मैदानात, गव्हाच्या हिरव्या लाटांमध्ये, लार्कफील्ड नावाचं इवलंसं गाव. पश्चिमेचं आकाश आधी जांभळं झालं, मग काळंठिक्कर. आणि त्या काळिम्यातून चक्रीवादळाचा एक सर्पिल, धूलिधूसर स्तंभ गरगरत जमिनीवर उतरला.

टेलिफोन कचेरीच्या माडीवरून, फोन जोडून देणाऱ्या सिग्रिडला तो सर्वांत आधी दिसला. गावातले सारे टेलिफोन तिच्या समोरच्या फळीला जोडलेले. आणि गावाच्या पश्चिम टोकाला, त्या स्तंभाच्या वाटेत, तिची आई घरात एकटी.

संकटासाठी एक खूण ठरलेली होती. लांब घंटा! घरोघरी एकदम वाजणारी, अखंड, अनिवार. ती ऐकली की प्रत्येकानं फोन उचलायचा. पण कचेरीचा मालक प्रेंटिस! दोन वर्षं रोज त्यानं तीच घंटा जाहिरातीला जुंपली. अंडी स्वस्त झाली, वाजव. नव्या टोप्या आल्या, वाजव. जमिनीचे तुकडे विकायचेत, वाजव! लाज कशी वाटली नाही या माणसाला? लोकांचे कान किटले. घंटा वाजली की गाव हसायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

सिग्रिडनं घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. बोटं सोलवटली तरी वाजवली. “आई, उचल गं! तळघरात जा!” मुक्या तारेत ती ओरडत राहिली. तीन घरांनी फोन उचलला. त्या तीन घरांतली माणसं वाचली. आईनं उचलला नाही.

मग तो आला. शुभ्र भिंती उडाल्या, लाल छपरं उडाली, पश्चिमेची घरांची अख्खी ओळ पुसली गेली.

आई चुलीपाशी सापडली. भिंतीपलीकडची शेजारीण मार्था, जखमी, रडत म्हणाली, “घंटा थांबेचना, म्हणून मी भिंतीवर थाप मारली. म्हटलं, उचलू या का? तर म्हणाल्या, ‘टोप्या आल्या असतील. वाजू दे.’”

दुसऱ्या सकाळी प्रेंटिस माडी चढून आला. “लांब घंटा वाजव. सांग, जमिनीची विक्री ठरल्या दिवशीच होणार.”

सिग्रिड उठली. कानावरचं यंत्र काढून तिनं त्याच्या डोक्यावर बसवलं.

“तुम्हीच वाजवा. पश्चिमेच्या ओळीतले फोन आधी लावा. माझी आई उचलते का बघा.”

त्या निर्लज्जानं घंटेची मूठ फिरवली. फिरवत राहिला. बाहेर तुटक्या तारा गव्हात लोळत होत्या. आणि पश्चिमेला उचलायला कुणी नव्हतं. ना भिंत, ना दार, ना हात.