चांदीचं पाणी

इंद्रभानला पोरीच्या खाटेशी बसणं जमत नव्हतं. तो उठायचा, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा, तिथून मागं वळून बघायचा, आणि काही झालं असेल या धास्तीनं पुन्हा घाईघाईनं आत यायचा. काही झालेलं नसायचं. पंचफुला छताकडं बघत पडलेली असायची.

सात वर्षांची पोर. आसेगावला आंघोळीच्या पाण्याचं गुंड चुलीवरून कलंडलं आणि तिचे दोन्ही पाय मांड्यांपासून भाजून निघाले. तिची आई रुख्मिणी ओली बाळंतीण, तिला घरून निघता येईना. मग इंद्रभानच पोरीला धोतराच्या पानात गुंडाळून मंगरूळवरून कारंज्याला घेऊन आला. तिथल्या डॉक्टर संगईंनी नागपूरला भाजलेल्यांवर एक नवीन इलाज शिकून घेतला होता.

"हे चांदीचं पाणी," डॉक्टरांनी बाटली दाखवत सांगितलं होतं. "जखमेत पू होऊ देत नाही. पट्ट्या मात्र सारख्या ओल्या राहिल्या पाहिजेत. सुकू द्यायच्या नाहीत."

ते काम इंद्रभाननं अंगावर घेतलं. हाताला काम असलं की जीव थोडा थाऱ्यावर राही. पण त्या पाण्याची तऱ्हा वेगळीच होती. बाटलीत ते साध्या पाण्यासारखं दिसे आणि जिथं पडे तिथं काळं होई. चादर काळी, फरशी काळी, त्याची बोटं काळी. पट्टीबाहेर राहिलेली पंचफुलाची पायाची बोटंही कोळशासारखी झाली. उजेडानं चांदी काळी पडते, त्यात भ्यायचं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. इंद्रभाननं मान डोलावली होती, पण पट्टी ओली करताना तो त्या बोटांकडं बघायचं टाळायचा.

त्याचा थोरला भाऊ देवमन गावाहून बघायला आला. दारातच थबकला.

"अरे, हे तं सडून राह्यलं!"

"नाई दादा, औषधानं काये झाले."

"कोणतं औषध मानसाले कायं करते? तुले येडं बनवून राह्यले हे लोक. दुपारच्या गाडीनं घेऊन चाल पोरीले घरी. आपल्याकडं पालेवाला हाय, तो लेप लावते."

भाऊ चहाला बाहेर पडताच त्यानं नर्स लिलाबाईंना गाठलं. "बाई, मले खरं सांगा. पाय सडला का?"

लिलाबाईंनी पट्टीचं टोक उचललं. "वाकून वास घे. सडलेलं लपत नाही."

तो वाकला. औषधाचा उग्र दर्प तेवढा आला. पोरीला हलवायचं नाही, असं त्यानं देवमनला सांगितलं. देवमन रागारागानं एकटाच एसटीनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाची तब्येत बिघडली. आधी डोकं दुखतं म्हणाली. मग पेज ओकून टाकली. दुपारपर्यंत तिची नजर भिरभिरू लागली. "मोठेबाबा, पानी द्या ना," ती इंद्रभानला म्हणाली. बापाला ओळखेना, काका समजली. तिचा हात चादरीवर आपोआप झटके देत होता.

इंद्रभानच्या डोक्यात एकच गोष्ट आली. त्यानं पट्ट्या ओढायला सुरुवात केली.

"अरे, काय करतोस!" लिलाबाईंनी त्याचं मनगट धरलं. आवाज ऐकून डॉक्टर धावत आले.

"जहर हाय तुमचं पानी!" इंद्रभान ओरडला. "देवमनदादा खरं सांगे. माह्या पोरीले मारून राह्यले तुमी!"

डॉक्टरांनी आधी पोरीची नाडी बघितली, पापणी उघडून बघितली, झटके घेणारा हात धरून ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "चांदीनं नाही झालं हे. पण माझ्या पट्ट्यांनीच झालं असावं. हे ओलं कापड उघड्या जखमेतून अंगातलं मीठ ओढून घेतं. मी मीठ देत होतो, ते कमी पडलं. माझी चूक आहे."

डॉक्टर भांडले असते तर इंद्रभानलाही भांडता आलं असतं. आता त्यानं हातातली पट्टी सोडून दिली.

डॉक्टरांनी लगेच मिठाचं सलाईन सुरू केलं आणि रक्त काढलं. ते तपासायचं यंत्र कारंज्यात नव्हतं, अकोल्याला होतं. रक्ताची नळी ठेवलेला थर्मास उचलत इंद्रभान म्हणाला, "मी जातो."

गाडीत जागा असूनही तो उभाच राहिला. थर्मास छातीशी धरलेला. कंडक्टर दोनदा खेकसला, तरी बसला नाही. आपण निघालो ते चुकलं, आपल्यामागं काही झालं तर, हा विचार गाडीच्या प्रत्येक थांब्यावर नव्यानं येई. अकोल्याच्या तपासनिसानं रक्तात मीठ फार कमी असल्याचं सांगितलं आणि कारंज्याला ट्रंककॉल लावला. तिकडून काय उत्तर आलं ते विचारायचं धाडस इंद्रभानला झालं नाही. त्यानं परतीची गाडी पकडली.

दवाखान्याच्या पायऱ्या तो पळतच चढला. पंचफुला उशीला टेकून बसली होती. लिलाबाई तिला चमच्यानं पेज भरवत होत्या.

"बाबा, कुठी गेलते तुमी? मले भूक लागली तं कोनीच नोतं."

तो खाटेच्या कडेला बसला.

सकाळी डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या आणि इंद्रभानला पहिल्यांदाच जवळ बोलावून जखमा दाखवल्या. उजवा पाय स्वच्छ होता, कडेनं पातळ गुलाबी कातडी धरू लागली होती. डाव्यावर अजून पिवळट थर होता.

"चांदी जंतू मारते," डॉक्टर म्हणाले, "पण कोवळ्या कातडीलाही ती जड जाते, भरून यायला वेळ लागतो. म्हणून उजव्या पायाचं चांदीचं पाणी आजपासून बंद. नुसती व्हॅसलीन माखलेली जाळीची पट्टी लावू. डाव्याला मात्र अजून लागेल."

"कालच एवढं झालं, अन् आज पुन्हा तेच पानी?"

"आता मीठ भरपूर देऊ, रक्त वरचेवर तपासू. बंद केलं आणि पू झाला, तर पाय हातचा जाईल. पण पोर तुझी आहे. तू नको म्हणालास तर नाही लावणार."

इंद्रभान व्हरांड्यात गेला, परत आला, पुन्हा गेला. आत येऊन त्यानं बाटली स्वतःच उचलली.

उजवा पाय आधी भरला. डावा रेंगाळला. होळी उलटून गेल्यावर ती घरी आली, तेव्हा डाव्या घोट्याची कातडी आवळून आली होती आणि टाच पुरती टेकत नव्हती. रोज तेल लावून घोटा वाकवायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रुख्मिणीनं तान्ह्याला बाजूला ठेवून पाय हातात घेतला, तशी पंचफुला किंचाळली. इंद्रभान ताडकन उठून अंगणात गेला. आतून पोरीचं रडणं आणि रुख्मिणीचं समजावणं ऐकू येत राहिलं. रुख्मिणीचाही आवाज रडवेला झाला, तेव्हा तो आत आला.

"सरक," तो म्हणाला, आणि तेलाची वाटी जवळ ओढून त्यानं पोरीचा पाय मांडीवर घेतला.