आढ्याआधी मेढ

उंबऱ्यावर खडूनं लिहिलेलं ‘थ्रेशोल्ड’ सखीनं सारवता सारवता पुसून टाकलं आणि योगितानं कपाळावर हात मारला.

“वहिनी, अगं शब्द गेला ना!”

“गेला तर परत लिही. तुझ्या इंग्रजीपायी मी घर सारवायचं सोडू काय?” सखीनं शेणाचा हात तसाच पुढं नेला. “कालपासून दाराला हात लावायची चोरी, खुंटीवर टोपली अडकवायची चोरी. घर हाय का शाळा?”

उमेश ओट्यावर बसून पटाशीला धार लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, “पुसू दे गं योगे. तो मला आलाय. थ्रेशोल्ड. आता मेला तरी जायचा नाय.”

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर गेले काही दिवस हेच चाललं होतं. योगिता फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली होती आणि कुठलीही गोष्ट तिला नीट लावून, मोजून, तपासून पाहायची सवय होती. भावाला इंग्रजी शिकवायचं ठरल्यावर तिनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि खडू घेऊन अख्खं घरच लिहून काढलं. चौकटीवर ‘फ्रेम’, बिजागरीवर ‘हिंज’, कडीवर ‘लॅच’. आतल्या मेढीवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या मधल्या खांबावर, ‘पोस्ट’. वाशांपर्यंत हात पुरेना, तेव्हा उमेशच्याच खांद्यावर चढून तिनं ‘राफ्टर’ लिहिलं होतं. खाली सखी पोरीला कडेवर घेऊन ओरडत होती, “पडलीस तर पाय मोडंल, त्याला पण इंग्रजीत कायतरी म्हणत असतील!”

गंमत म्हणजे उमेशला अर्धी इंग्रजी आधीच येत होती. ठाण्याला इमारतींच्या सेंट्रिंगवर काम करताना कॉलम, बीम, स्लॅब, प्लिंथ हे शब्द तो रोज वापरायचा. ते इंग्रजी आहेत हे कळल्यावर तोच चकित झाला. “मग मी काय हिंदी समजून बोलत होतो होय?” तो म्हणाला, आणि दिवसभर खूश होता.

पण हा खेळ नव्हता. जव्हारजवळ दारं-खिडक्या आणि शाळेची बाकं बनवणारी एक नवी कार्यशाळा सुरू होत होती. तिथं सुतार हवे होते, बारमाही. अट एकच होती. मशिनी बाहेरच्या, नकाशे इंग्रजीत आणि वरचे साहेबही बाहेरगावचे, तेव्हा हत्यारांची आणि इमारतीच्या भागांची इंग्रजी नावं माणसाला यायला हवीत. हातकामाची परीक्षा उमेश पास झाला होता. राहिली होती ती तोंडी.

ती हुकली, तर दिवाळीनंतर दर वर्षी निघायचं तसं ठाण्याला मजुरीला निघायचं. मुकादम जगन गाडी ठरवून बसलाच होता. उमेश निघाला की सखीही निघणार, आणि या वर्षी कडेवर पोरगी. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत मागचा हंगाम सखीनं पोटुशी असताना काढला होता. त्याबद्दल ती कधी फार बोलली नाही. पण जगन विचारायला आला की ती एवढंच म्हणायची, “परीक्षा होऊ दे, मग सांगते.”

परीक्षेच्या दिवशी बहीण-भाऊ सकाळच्या जीपनं खोडाळ्याला उतरले, तिथून जव्हारला. जीपमध्ये योगिता विचारत राहिली आणि उमेश सांगत राहिला. रंधा? प्लेन. करवत? सॉ. काटकोनाचा गुण्या? ट्राय स्क्वेअर. कुसू आणि त्याची खाच? टेनन, मॉर्टिस. शेजारच्या म्हातारीनं शेवटी विचारलं, “काय रं, मंतर पाठ करतंस काय?”

“हां आजी. पोटाचा मंतर.”

कार्यशाळेच्या मोठ्या शेडमध्ये तोंडी परीक्षा सगळ्यांसमोरच होती. परीक्षक कोइमतूरचे होते. उंच, शांत, खिशाला दोन पेनं. मराठी त्यांना येत नव्हती आणि हिंदी जेमतेम. कुणी मधे बोलायचं नाही, एवढं त्यांनी सुरुवातीला हात जोडून सांगितलं. योगिता भिंतीपाशी उभी राहिली.

हत्यारं उमेशनं धडाधड सांगितली. साहेब उचलायचे आणि हा नाव सांगायचा. पटाशीला ‘चिझल’ म्हणताना त्यानं बोटानं धार पाहिली आणि ती बोथट आहे अशी मान हलवली. साहेबांनाही हसू आलं.

मग त्यांनी दुसऱ्या टेबलावरचं कापड काढलं. लाकडी घराचा एक छोटा नमुना तिथं सुटा करून ठेवला होता. खाचा पाडलेली फळी, खांब, तुळया, वासे, रिपा, सगळं पसरलेलं. साहेबांनी त्यातली सर्वांत लांब दांडी उचलली. घराच्या माथ्यावर आडवं बसतं ते आढं. “व्हॉट इज धिस?”

उमेश दांडीकडं बघत राहिला.

योगिताला वाटलं, आठवतोय. हा शब्द तर त्याला झोपेत विचारला तरी आला असता. रिज. एवढासा शब्द.

साहेबांनी पुन्हा विचारलं. उमेशनं ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली. साहेबांनी दांडी ठेवून वासा उचलला. “अँड धिस?” उमेशची नजर फळीवरच. साहेबांनी कागदावर काहीतरी खूण केली. राफ्टर, दादा, राफ्टर, माझ्या पायाखाली तुझा खांदा होता तेव्हा लिहिला होता! तिनं ओरडायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि मग तिची नजर त्या फळीवर गेली. फळीवर काहीच उभं नव्हतं.

त्यांचा बा, नवसू, पाड्यापाड्यांवर घरं उभी करायचा. कामावर त्याची एक शिस्त होती. मेढ रोवून, तिला हात लावून नमस्कार केल्याशिवाय आढ्याचं नाव काढायचं नाही. वाशाचं नाही, रिपेचंही नाही. लाकडं अंगणात पडलेली असली तरी ‘ते लांबडं’, ‘ती बारीक’ असंच म्हणायचं. कुणी चुकून नाव घेतलंच, तर बा हत्यारं गुंडाळून त्या दिवशी घरी निघून यायचा. मग घरवाले मिनतवाऱ्या करत मागं. उमेश याच शिस्तीत सुतार झाला होता. आता बा थकून घरी बसला होता, पण उमेशच्या हाताखालचं घर अजून तसंच उभं राहायचं.

योगिताला स्वतःचाच राग आला. तिनं त्याला शंभरदा तपासलं होतं, पण दर वेळी उभ्या घरात किंवा उभ्या घराची आठवण काढून. सुटी लाकडं समोर टाकून एकदाही नाही. प्रयोगात बदलून पाहायची नेमकी तीच गोष्ट राहून गेली होती.

साहेब तिसरा तुकडा उचलणार, तोच उमेश पुढं वाकला. “सर. वन मिनिट.”

“डोन्ट टच, प्लीज.”

“सर, फर्स्ट धिस.” त्यानं खांबाकडं बोट दाखवलं. “नो धिस, नो हाऊस. फर्स्ट धिस, देन ऑल नेम आय टेल.”

साहेबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. मागं उभा असलेला कुणीतरी हसला. साहेबांनी हातानंच ‘कर’ म्हटलं.

उमेशनं मधला खांब फळीच्या खाचेत बसवला. वरून बोटानं दाबला, हलतो का पाहिला, मग त्याला हात लावून तो हात कपाळाला नेला. “पोस्ट, सर.”

आणि मग तो थांबलाच नाही. कडेचे खांब उभे केले, “पोस्ट, पोस्ट.” त्यावर तुळई, “बीम.” मग ती लांब दांडी दोन्ही हातांनी उचलून वर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाला, “रिज!” वासे बसवताना दर वाशाला “राफ्टर”, रिपांना “बॅटन”, बाजूच्या तिकोनी भिंतीला “गेबल”. शेडमधले बाकीचे सुतार पुढं सरकून बघू लागले. मघाशी हसलेला माणूस रिपा हातात देऊ लागला. साहेबांनी त्यालाही अडवलं नाही.

शेवटी साहेबांनी छपराच्या बाहेर आलेल्या कडेवर पेन टेकवलं, जिथून पावसाचं पाणी खाली पडतं. “धिस?”

उमेश घुटमळला. हा शब्द योगितानं शिकवलाच नव्हता, वळचणीवर खडू चालेना म्हणून. “धिस... वॉटर फॉलिंग प्लेस, सर. हेन सिटिंग प्लेस.”

साहेब मनापासून हसले. “ईव्ज,” त्यांनी सांगितलं. उमेशनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. साहेबांनी मघाची खूण खोडली आणि काहीतरी नवं लिहिलं. वळचणीचा मार्क मात्र त्यांनी दिला नाही, हे योगितानं मान लांब करून पाहून घेतलं.

जेवणानंतर कार्यशाळेच्या ऑफिसातल्या एक बाई बाहेर आल्या आणि घेतलेल्यांची नावं वाचली. उमेशचं नाव आलं तेव्हा तो नळावर हात धूत होता. त्याला ऐकूच आलं नाही. योगितानं जाऊन त्याची बाही ओढली.

“दादा, सोमवारपासून.”

“काय सोमवारपासून?”

“कामाला. इथं. घेतलं तुला.”

नळ तसाच वाहत राहिला. उमेश खाली बसला, पायरीवर, ओल्या हातांनीच तोंड झाकून. मग हात काढून म्हणाला, “मला वाटलं माझ्या खोडीपायी गेलं सगळं. नाव तर तोंडात होतं गं. पण बा समोर उभा हाय असंच वाटलं.”

“एवढं होतं तर मला आधी सांगायचं ना!”

“आता मला काय ठाव, माणूस घर मोडून टेबलावर पसरंल नि वरून नाव विचारंल?”

योगिताला हसू आवरेना. हसता हसता तीही त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

पाड्यावर घरात रेंज येत नाही. वरच्या टेकाडावर सखी पोरीला घेऊन दुपारपासून बसली होती. रिंग पुरती वाजण्याआधीच तिनं फोन उचलला.

“बोल.”

“झालं,” उमेश म्हणाला. “सोमवारपासून जव्हार. रोज घरी यायला जमंल, जीप हाय.”

पलीकडून वारा आणि पोरीचं बोबडं काहीतरी. मग सखीनं नाक ओढल्याचा आवाज आला.

“सखे? रडतंस काय?”

“रडते कशाला? वारा हाय इथं.” तिनं घसा साफ केला. “जगनभाऊ माझ्यामागं टेकाडावर चढून आलाय. उत्तर पायजे म्हणतो.”

“मग दे ना.”

फोन कानाजवळून लांब गेला, पण आवाज स्पष्ट येत होता.

“जगनभाऊ, आम्हांला गाडीत धरू नका. या वर्षी आम्ही कुठं जात नाय.”